पूर्वाहाराचा प्रश्न : पांढऱ्या उंदरांवरील आहारप्रयोगांच्या इतिहासातील एक प्रकरण

आहारशास्त्राच्या इतिहासात 'प्रयोगाचा पहिला दिवस' ही संज्ञा फार सैलपणे वापरली गेली आहे. पांढऱ्या उंदरांचा एक गट पिंजऱ्यात ठेवला, त्यास ठरावीक अन्न देण्यास आरंभ केला, की त्या दिवसापासून नोंदवहीत दिवस मोजले जाऊ लागतात आणि वजनाच्या आलेखाची रेषाही तेथूनच निघते. परंतु उंदीर त्या दिवशी जन्मास आलेला नसतो. निदान तीन आठवडे तो आईच्या दुधावर वाढलेला असतो, ते दूध आईने खाल्लेल्या अन्नातून झालेले असते, आणि दूध तुटल्यावर वसाहतीतील जे नेहमीचे अन्न तेच त्यानेही खाल्लेले असते. या सर्व पूर्वीच्या अन्नास प्रस्तुत लेखात 'पूर्वाहार' असे म्हटले आहे. परीक्षेच्या वेळी प्राण्याच्या शरीरात जे काही आढळते, त्यातील किती परीक्षेखालील अन्नाचे व किती पूर्वाहाराचे, हा प्रश्न या शास्त्रास त्याच्या बाल्यावस्थेपासून सतावीत आला आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल टाकावे याचे वाचकांस नवल वाटेल. त्याचे कारण असे की, या प्रयोगांपैकी एका प्रसिद्ध मालिकेत उंदरांच्या गटांना आपल्याच देशातील लोकसमूहांची नावे देण्यात आली होती आणि त्यांत एक नाव 'मराठा' हे होते. नावाचा प्रश्न आणि पूर्वाहाराचा प्रश्न तेथे एकमेकांत गुंतलेले आहेत. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी पूर्वाहाराची गोष्ट ज्या क्रमाने उघडकीस आली तो क्रम पाहिला पाहिजे.

जाता जाता एक खुलासा. मराठीतील 'उंदीर' हा शब्द इंग्रजीतील दोन निरनिराळ्या प्राण्यांना पुरतो, आणि 'घूस' म्हटले की तिसराच प्राणी डोळ्यांपुढे येतो. येथे 'पांढरा उंदीर' म्हणजे त्या दोहोंपैकी मोठ्या जातीचा, पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेला उंदीर समजावा.

अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे एल्मर मॅककॉलम यांनी १९०८ साली शिकागोच्या एका पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्याकडून बारा पांढरे उंदीर स्वतःच्या खिशातून सहा डॉलर देऊन विकत घेतले. ज्या कृषिसंस्थेत गाईंवर प्रयोग चालत, तेथे शेतकऱ्यांच्या या वैऱ्यास पोसणे अधिकाऱ्यांना रुचले नव्हते. परंतु गाईच्या एका पिढीस लागणाऱ्या काळात उंदराच्या कितीतरी पिढ्या होतात आणि त्याला अन्न लागते ते मूठभर. त्यामुळे कृत्रिम रीतीने शुद्ध केलेल्या अन्नाची परीक्षा प्रथमच परवडण्याजोगी झाली. फिलाडेल्फियाच्या विस्टर संस्थेतही याच सुमारास उंदरांची पद्धतशीर पैदास होऊ लागली होती.

इंग्लंडात फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी १९१२ साली आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. दुधातील शुद्ध केलेले प्रथिन, पिष्ट, साखर, डुकराची चरबी व क्षार एवढ्यावर ठेवलेल्या लहान उंदरांची वाढ खुंटली; तशाच दुसऱ्या गटाला रोज केवळ दोन-तीन घन सेंटिमीटर दूध दिले तेव्हा ते वाढत राहिले. त्यांपैकी ज्या आलेखाचे चित्र पुढे सर्व पाठ्यपुस्तकांत आले, त्यात अठराव्या दिवशी दोन्ही गटांची अदलाबदल केलेली आहे. ज्यांचे दूध बंद झाले त्यांची रेषा काही दिवसांनी वाकते, ज्यांना दूध सुरू झाले त्यांची रेषा वर चढते. 'काही दिवसांनी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दूध बंद होताच वाढ त्याच क्षणी थांबत नाही, कारण पूर्वी घेतलेल्या दुधातून शरीरात काही उरलेले असते. अदलाबदलीची ही योजना म्हणजे पूर्वाहाराच्या परिणामास जाणूनबुजून दृश्य रूप देण्याचा एक आरंभीचा व मोठा चतुर प्रयत्न होय, असे आम्हांस वाटते.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, मॅककॉलम व मार्गरेट डेव्हिस यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे येल येथील ऑस्बर्न व मेंडेल यांनी लोण्यातील स्निग्धांशात वाढीस अवश्य असा घटक आहे, डुकराच्या चरबीत तो नाही, हे दाखविले. आज आपण त्यास 'अ' जीवनसत्त्व म्हणतो. या दोन्ही प्रयोगांतील एक गोष्ट आज वाचताना चटकन डोळ्यांत भरते. लोण्यावाचून ठेवलेले उंदीर आरंभी अनेक आठवडे अगदी चांगले वाढले, आणि मगच त्यांची वाढ थांबली. प्रयोग लवकर आटोपता तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. 'अ' जीवनसत्त्व यकृतात साठते. आईच्या आहारात ते विपुल असेल तर पिल्लू हा साठा घेऊनच प्रयोगात येते. आणि परीक्षक ज्यास 'अ'-रहित आहारावरील वाढ म्हणतो, ती वस्तुतः मागच्या महिन्यातील लोण्यावरील वाढ असते.

याच प्रयोगांत एक दुसरा दोषही होता, आणि तो पूर्वाहाराचा नसून आहारातच लपलेला होता. मॅककॉलम यांनी कर्बोदक म्हणून दुधातील साखर वापरली होती. ती पुरेशी शुद्ध नसल्यामुळे तिच्याबरोबर पाण्यात विरघळणारे 'ब' जीवनसत्त्वही नकळत पिंजऱ्यात जात होते. ऑस्बर्न व मेंडेल यांच्या 'प्रथिनरहित दुधा'चीही हीच कथा. हा दोष नसता तर उंदीर 'ब'च्या अभावानेच आधी खंगले असते आणि 'अ'चा शोध कदाचित लांबणीवर पडला असता. शास्त्राच्या इतिहासात अशुद्धीने असे उपकार केल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

साठ्याचा प्रश्न एकदा ध्यानात आल्यावर त्यावर उपाय निघाला. कोलंबिया विद्यापीठातील हेन्री शर्मन व हेझेल मन्सेल यांनी १९२५ साली 'अ' जीवनसत्त्वाच्या मापनाची जी रीत घालून दिली, तिचा पहिला टप्पा परीक्षेचा नव्हे तर रिकामे करण्याचा आहे. तीन ते चार आठवड्यांच्या पिल्लांना 'अ'-रहित अन्नावर ठेवावयाचे, त्यांचे वजन वाढणे थांबेपर्यंत वाट पाहावयाची, आणि साठा संपल्याची अशी खूण पटल्यावरच परीक्षेखालील पदार्थ थोड्या मात्रेत द्यावयाचा. आठ आठवडे दर आठवड्यास तीन ग्रॅम वाढ ज्या दैनिक मात्रेने होते, ती मात्रा म्हणजे एक एकक. या रीतीचे खरे मर्म त्याच्याही मागे आहे. रिकामे होण्यास लागणारा काळ सर्व पिल्लांत सारखा यावा म्हणून त्यांच्या मातांचा आहारही ठरावीक असावा लागे. शर्मन यांच्या वसाहतीत सहा भागांपैकी पाच भाग दळलेला अखंड गहू व एक भाग दुधाची भुकटी असा एक आहार होता, आणि दुसऱ्यात दुधाचा अंश त्याच्या दुप्पट होता. पहिल्या आहारावर उंदीर पिढ्यान्‌पिढ्या नांदले. दुसऱ्यावर ते अधिक लवकर वाढले व अधिक काळ जगले. म्हणजे 'निरोगी वसाहत' हे एकच प्रमाण नव्हे. दोन निरोगी वसाहतींतून आलेले उंदीरही एकाच परीक्षेस निरनिराळी उत्तरे देतील, हे येथे स्पष्ट झाले.

याहून विलक्षण प्रकार 'ब' जीवनसत्त्वाच्या बाबतीत घडला. १९२६-२७ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये फ्रिडेरिसिया व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, 'ब'-रहित अन्नावर ठेवलेले काही उंदीर खंगण्याऐवजी एकाएकी धष्टपुष्ट होऊ लागतात. त्यांची विष्ठा पांढरी व पुष्कळ होते. आणि ती दुसऱ्या उंदरांना खाऊ घातली तर तेही तसेच सुधारतात. कच्चे पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात उतरले म्हणजे तेथील जंतू त्यावर पोसतात, जीवनसत्त्व निर्माण करतात आणि विष्ठाभक्षणाच्या मार्गाने ते उंदरास मिळते, असा त्याचा उलगडा पुढे झाला. उंदीर स्वतःची विष्ठा खातो. पिंजऱ्यास तारेची जाळी लावली तरी तो ती थेट गुदद्वारापाशी टिपतो, आणि त्याला खरोखर रोखावयाचे तर शेपटीच्या बुडाशी लहानसा पेला बांधावा लागतो, हे रिचर्ड बार्न्स यांच्या १९५७ नंतरच्या प्रयोगांनी दाखविले. येथे पूर्वाहार म्हणजे केवळ यकृतातील साठा राहिला नाही. पूर्वीच्या अन्नाने आतड्यात वसविलेले जंतूही त्यात आले. खुद्द हॉपकिन्स यांच्या १९१२ च्या आकड्यांबद्दल शंका निघाल्या होत्या, कारण इतक्या थोड्या दुधाने इतकी वाढ इतरांना मिळेना. हॉपकिन्स यांनी १९४५ साली, वयाच्या चौऱ्यांशीच्या घरात असताना, एका सहकाऱ्यासह याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. नोबेल पारितोषिक मिळून सोळा वर्षे लोटल्यावर आपल्या तेहेतीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांकडे पुन्हा वळणारे संशोधक विरळाच.

आता आपल्या देशाकडे येऊ. रॉबर्ट मॅककॅरिसन हे आयरिश वैद्य १९०१ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेत आले. गिलगिट भागात त्यांनी गलगंडावर संशोधन केले आणि १९१८ पासून निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत बेरीबेरीच्या चौकशीस आरंभ केला. इंचकेप समितीच्या काटकसरीत १९२३ साली हे काम बंद पडले, १९२५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि दशकाच्या अखेरीस त्याला पोषण संशोधन प्रयोगशाळेचे रूप आले. तिचे संचालक म्हणून मॅककॅरिसन १९३५ पर्यंत राहिले.

त्यांच्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला तो हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांच्या आहारांचा. लहान उंदरांचे सारखे गट करून प्रत्येकास एकेका लोकसमूहाच्या पद्धतीचे अन्न दिले गेले. अखेरची सरासरी वजने अशी होती : शीख २३५ ग्रॅम, पठाण २३०, मराठा २२५, गुरखा २००, कानडी १८५, बंगाली १८०, मद्रासी १५५. उत्तरेकडून पूर्वेस व दक्षिणेस जावे तसतसे अन्नाचे पोषणमूल्य व त्याबरोबर लोकांची शरीरसंपत्ती घटत जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌समधील कँटर व्याख्यानांत तो विस्ताराने मांडला. पुढे आहारविषयक लोकप्रिय लेखनात या सात आकड्यांचा उल्लेख वारंवार होत राहिला.

कुन्नूरच्या वसाहतीचा नित्याहार कोणता होता, हे मॅककॅरिसन यांनीच त्या व्याख्यानांत सांगितले आहे. अखंड गव्हाच्या पिठाच्या, लोणी माखलेल्या चपात्या, मोड आणलेले हरभरे, कच्चे गाजर व कोबी मनमुराद, न तापविलेले दूध, आठवड्यातून एकदा हाडांसह थोडे कच्चे मांस, आणि भरपूर पाणी. हा आहार शिखांच्या आहाराच्या धर्तीवर बेतलेला होता. असे अन्न, स्वच्छता व सूर्यप्रकाश मिळालेली ती वसाहत जवळजवळ रोगमुक्त होती, आणि सदोष आहारावर ठेवलेल्या दोन हजारांहून अधिक उंदरांच्या शवपरीक्षेत मात्र फुप्फुसांपासून मूत्राशयापर्यंत नाना रोग आढळले, ही तुलना त्यांनी मोठ्या अभिमानाने केली आहे. तो अभिमान रास्त होता.

परंतु पूर्वाहाराच्या दृष्टीने पाहता अशा वसाहतीत जन्मलेल्या उंदराचे काय होते याचा विचार करावा. त्याला 'शीख' गटात घातले तर त्याच्या ताटात काहीच बदल होत नाही. त्याचा 'प्रयोग' म्हणजे त्याच्या नेहमीच्या आयुष्याचीच पुढची पायरी. 'मद्रासी' वा 'बंगाली' गटात घातले तर मात्र एका दिवसात त्याचे सारे अन्न बदलते. यातून दोन परिणाम संभवतात व ते परस्परविरुद्ध आहेत. दूध, लोणी व गाजरे खाऊन आलेल्या उंदराच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा साठा असतो; त्याच्या बळावर निकृष्ट आहार काही आठवडे आपले दोष झाकू शकतो, आणि गटागटांतील अंतर खऱ्याहून कमी दिसते. उलट उंदीर अनोळखी अन्नास बिचकतो; रानटी उंदरात हे अधिक व पांढऱ्यात कमी, पण पांढराही त्यातून सर्वस्वी सुटलेला नाही. नव्या अन्नावर तो आरंभी कमी खातो, वजनात मागे पडतो, आणि अंतर खऱ्याहून जास्त दिसते. या दोहोंची वजाबाकी किती होते हे अखेरच्या एका सरासरी वजनावरून कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून त्या सात आकड्यांना सारखे वजन देणे चुकीचे ठरेल. शीख व मराठा यांतील अंतर दहा ग्रॅमांचे, म्हणजे शेकडा चारांच्या आसपास आहे. त्यावर कोणताही सिद्धान्त उभारता येत नाही, आणि महाराष्ट्रातील वाचकाने या तिसऱ्या क्रमांकाने हुरळून जाण्याचेही कारण नाही. शीख व मद्रासी यांतील ऐंशी ग्रॅमांचे अंतर मात्र एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहे. एवढे मोठे अंतर केवळ पूर्वाहाराने पुसून जाईल असे आम्हांस वाटत नाही. सडलेल्या तांदळावर आणि अत्यल्प दुधावर वाढीस बाध येतो हा मॅककॅरिसन यांचा मुख्य मुद्दा टिकतो. टीका करताना हे विसरले जाऊ नये, कारण अलीकडे मॅककॅरिसन यांचे सगळेच काम साम्राज्यवादी पूर्वग्रह म्हणून निकालात काढण्याची जी घाई होते, ती या दुसऱ्या अंतराकडे पाहत नाही.

उंदीर हा माणसाचा किती प्रतिनिधी, हाही प्रश्न येथेच येतो. उंदीर 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो. त्यामुळे आहारात ते आहे की नाही याविषयी तो मुका साक्षीदार आहे. त्याची वाढ मनुष्याच्या मुलापेक्षा कितीतरी झपाट्याची, म्हणून प्रथिने व चुना यांची त्याची भूकही त्या मानाने मोठी. दूधप्रधान आहारास उंदराच्या न्यायालयात नेहमीच झुकते माप मिळणार.

राहिला नावांचा प्रश्न. शीख हे नाव धर्माचे. पठाण हे पश्तू बोलणाऱ्या टोळ्यांचे. गुरखा हे नेपाळातील गोरखा या संस्थानावरून लष्कराने रूढ केलेले. कानडी हे भाषेचे. बंगाली हे भाषेचे व प्रांताचेही. मद्रासी हे केवळ एका इलाख्याचे, ज्यात तमिळ, तेलुगू, मल्याळम व कन्नड या चारही भाषा बोलल्या जात. म्हणजे बळ्ळारीचा कानडी शेतकरी पाचव्या पिंजऱ्यात घालावयाचा की सातव्या, याला उत्तर नाही. आणि 'मराठा' हे तर मराठी भाषेतच दोन अर्थांनी वावरणारे नाव : एका अर्थाने एक जात, दुसऱ्या व्यापक अर्थाने महाराष्ट्रातील सर्व लोक. इंग्रजी लष्करी कागदपत्रांत त्याला तिसरा, भरतीच्या वर्गाचा अर्थ होता. शीख, पठाण, मराठा, गुरखा हे सैन्यभरतीतील वर्ग आलेखाच्या वरच्या अंगास ओळीने यावेत आणि ज्यांना इंग्रज अधिकारी लढवय्ये मानीत नसत ते खालच्या अंगास, हा योगायोग वाचकाच्या मनात अन्नाचे कारण व वंशाचे कारण यांची सहज गल्लत करून देतो. मॅककॅरिसन स्वतः अन्नाच्या बाजूचे होते. शरीरसंपत्ती वंशाने नव्हे तर आहाराने ठरते असेच त्यांना दाखवावयाचे होते. पण पिंजऱ्यावरची चिठ्ठी त्यांच्या युक्तिवादाच्या विरुद्ध बोलत राहिली.

शिवाय एका चिठ्ठीखाली एकच अन्न असते. कोकणातील भात व मासळी, देशावरील ज्वारी-बाजरीची भाकरी, वऱ्हाडातील ज्वारी व तुरीचे वरण, यांतील कोणत्या ताटाला 'मराठा' म्हणावयाचे? आणि त्या ताटातही सुगीचे दिवस, चैत्र-वैशाख व ऐन पावसाळा यांत जमीनअस्मानाचे अंतर. उंदरांच्या पिंजऱ्यात बारा महिने एकच ऋतू असतो. माणसाला मात्र पूर्वाहार असतो तो मागच्या हंगामाचा. भाद्रपदात तपासलेल्या शेतमजुराच्या प्रकृतीत जेष्ठातील उपासमारीची नोंद असते. उंदरांच्या साठ्यावरून जे शिकावयाचे ते माणसांच्या आहारपाहणीसही लागू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या प्रश्नाचे स्वरूप पालटले, तरी तो संपला नाही. तयार खाद्याच्या गोळ्या आल्या, पण त्यांतील सोयाबीन व लसूणघास यांत स्त्रीसंप्रेरकासारखे वागणारे पदार्थ असतात व त्यांचे प्रमाण खेपेखेपेस बदलते. म्हणून १९७७ साली अमेरिकेतील पोषणसंस्थेने शुद्ध घटकांचा एक प्रमाण आहार ठरविला. त्यावर माद्यांच्या मूत्रपिंडांत चुना साचतो असे दिसल्यावर १९९३ मध्ये तो बदलावा लागला. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने दीर्घ मुदतीच्या प्रयोगांसाठी प्रथिनांचे प्रमाण सुमारे शेकडा तेवीसवरून चौदा-पंधरावर आणले, कारण पूर्वीच्या भरपेट, प्रथिनबहुल खाद्यानेच म्हातारे उंदीर मूत्रपिंडाच्या विकाराने जर्जर होत आणि परीक्षेखालील रसायनाचा परिणाम त्यात बुडून जाई. शवपरीक्षेपूर्वीच्या एका रात्रीचाही हिशेब ठेवावा लागतो. उंदीर रात्री खातो. त्याला ती एक रात्र उपाशी ठेवले की यकृतातील शर्करेचा साठा ओसरतो, यकृताचे वजन घटते व सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी निराळ्या दिसतात. उपाशी यकृतास पॅरासिटामॉलसारखे औषधही अधिक बाधते.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. तिच्या संग्रहातील दुसरा एक ग्रंथ या कथेच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे. मॅककॅरिसन यांच्यानंतर आलेल्या वॉलेस ऐक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली; पुढे डॉ. वि. ना. पटवर्धन व रंगनाथन यांनी ती सुधारली, आणि १९७१ मध्ये डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला मोठ्या ग्रंथाचे रूप दिले. तीत लोकांचे गट नाहीत, धान्ये आहेत. शेवटी निरनिराळ्या भारतीय भाषांतील नावांची यादी जोडलेली असून तीत मराठी नावांचा स्वतंत्र रकाना आहे.